आदिवासी युवास्वास्थ्य (नंदुरबार जिल्हा)

आदिवासी समाजातील कुमारवयीन व तरुण स्त्री-पुरुषांचे शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य टिकून राहावे यासाठी कुटुंब, पाडा, जमात आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या संघटना जो आधार पुरवितात, त्याचा विचार प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. दवाखाना, डॉक्टर व औषधे हे या आधाराचे एक अंग होय. परंतु तेच सर्वस्व नव्हे. किंबहुना, या जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव असा, की तरुणांना केवळ रुग्ण वा लाभार्थी न मानता जेथे त्यांच्यावर समाजाचे काही काम सोपविले गेले, तेथेच स्वास्थ्याचे प्रयत्न मूळ धरू शकले.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते. राज्यातील सर्व जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी, धानका इ. समूह येथे राहतात व भिलोरी, पावरी, देहवाली, मावची यांसारख्या बोली बोलतात. अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगररांगांत वसले असून तेथील गाव म्हणजे लांबलांब विखुरलेल्या पाड्यांचा समूह असतो. शहादा, तळोदे व नंदुरबार या तालुक्यांचा बराचसा भाग तापीकाठच्या सुपीक सपाटीत मोडतो. पहाडातील तरुण स्वतःच्या कोरडवाहू शेतीचा मालक असतो, तर सपाटीवरील तरुण पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतावरचा मजूर असतो. त्यामुळे दोघांच्या अडचणी एकसारख्या नाहीत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे कुमारवय आणि १५ ते २४ वर्षे हे युवावय मानते. येथील आयुष्यक्रमात या वयाच्या रेषा निराळ्या पडतात. सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत गेलेले मूल दहावीच्या आसपास शाळेतून बाहेर पडते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दक्षिण गुजरातेतील ऊसतोडीला जातात. या कामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावे मिळते. एकट्या मुलाला वा मुलीला उचल मिळणे अवघड असल्याने लग्न लवकर होण्यास हेही एक कारण घडते. याचा अर्थ असा, की ज्याला आरोग्यशास्त्र कुमार म्हणते तो येथे कर्ज घेतलेला, संसार मांडलेला व वर्षातील पाच-सहा महिने परमुलखात उघड्यावर राहणारा कामकरी असतो. त्याच्या स्वास्थ्याचा कोणताही विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हावा लागतो.

दात्रपेशी रोग : या संदर्भात दात्रपेशी रोगाचा (सिकलसेल) विचार थोडा विस्ताराने करणे इष्ट ठरेल, कारण शारीरिक व्याधी, मनाची अवस्था व समाजाचा दृष्टिकोन यांची गुंतागुंत त्यात स्पष्ट दिसते. हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे. रक्तातील हीमोग्लोबिनाच्या सदोष घडणीमुळे प्राणवायू कमी पडला असता तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात, सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि सांध्यांत, हाडांत व पोटात असह्य वेदना उद्‌भवतात. आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आल्यास व्यक्ती वाहक होते व सहसा निरोगी राहते. दोघांकडून आल्यास रोग होतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता चारांत एक इतकी असते. वाहकास हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच हिवतापग्रस्त अरण्यप्रदेशांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला, असे मानतात. भारतात त्याचा प्रथम शोध १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत लागला. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समूहांत वाहकांचे प्रमाण बरेच असून काही ठिकाणी ते पाच व्यक्तींमागे एकाच्या आसपास आढळले आहे.

अतिश्रम, थंडी, तहान व ताप या गोष्टी वेदनांचे झटके ओढवून घेतात. ऊसतोडीच्या फडावर नेमक्या याच गोष्टी एकत्र येतात : पहाटेची थंडी, दिवसभराचे श्रम, अपुरे पाणी आणि रात्रीबेरात्री मोळ्या वाहून गाडी भरण्याचे काम. दिसायला धडधाकट असलेला तरुण मोळी उचलताना मध्येच बसतो, तेव्हा मुकादम व कधी घरचेही त्याला आळशी ठरवितात. निदान झालेच, तर दुसरे भय पुढे येते : ही सोयरीक जमेल काय? मुलीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारला जातो. पुष्कळजण तपासणीचे कार्ड घरात लपवून ठेवतात, यात नवल नाही. फॉलिक अम्ल, हायड्रॉक्सियूरिया, भरपूर पाणी व वेळच्या वेळी उपचार यांनी रोग्याचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. पण गोळ्या गावच्या उपकेंद्रात आणि रोगी शंभर-दीडशे किमी. दूरच्या फडावर, अशी स्थिती असते. ४० वर्षांखालील सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवणारे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. तपासणीचे तंत्र सोपे आहे. तपासणीनंतर तरुणाशी त्याच्या बोलीत कोण बोलणार, वाहक असणे म्हणजे कलंक नव्हे हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना कोण समजावणार, हा भाग अवघड आहे. आणि तो बाहेरून आलेल्या माणसाच्या हातून सहसा पार पडत नाही.

परंपरा : तरुणांना सांभाळून घेण्याच्या काही रीती समाजात पूर्वापार आहेत. शेतीच्या किंवा घरबांधणीच्या कामासाठी पाड्यातील लोकांनी मजुरी न घेता एकत्र येण्याच्या प्रथेला ‘लाह’ म्हणतात. ज्याचे काम असेल त्याने जेवण द्यावे, एवढाच संकेत. नुकतेच वेगळे घर करणारे जोडपे यामुळे एकटे पडत नाही. होळी हा या भागातील सर्वांत मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या पूर्वीच्या संस्थानच्या गावी पेटणारी राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध असून ती पहाटे पेटवितात. होळीचा नवस घेतलेले तरुण बावा, बुध्या इ. सोंगे घेतात, अंगावर राखेचे व पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप व कमरेला दुधी भोपळे अथवा घुंगरू बांधून ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. पाहुण्यांच्या नजरेत वेष भरतो, व्रत भरत नाही. नवसाच्या दिवसांत खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, अनवाणी चालायचे, स्त्रीसंग टाळायचा, असे कडक नियम असतात व ते पाळले जातात की नाही, यावर सगळ्या गावाचे लक्ष असते. दिवाळीच्या सुमारास अक्राणी तालुक्यातील अस्तंबा (सु. १,३२५ मी.) या शिखराची यात्रा भरते. अश्वत्थाम्याचे स्थान मानल्या गेलेल्या या शिखरावर तरुणांचे जथे आधी जाऊन आलेल्या जाणत्याच्या मागोमाग रात्रीची चढण चढतात. अशा व्रतांतून संयम, सहनशीलता व सोबत यांचे शिक्षण मिळते. तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठी आखलेल्या अनेक आधुनिक शिबिरांत याहून वेगळे काही असते, असे म्हणता येत नाही.

होळीपूर्वीच्या आठवडी बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. बाहेरच्या काही लेखकांनी त्याचे वर्णन ‘लग्नाचा बाजार’ असे केले. आदिवासी तरुणांनी या वर्णनास वेळोवेळी आक्षेप घेतला आहे व तो रास्त आहे. होळीच्या खरेदीसाठी, ऊसतोडीहून परतलेल्या सोबत्यांच्या भेटीसाठी व नाचगाण्यासाठी भरणारा हा बाजार आहे. आपल्या सणाविषयी परक्यांनी लिहिलेले असे काही शाळेतल्या मुलाच्या वाचनात येते, तेव्हा त्याला आपल्याच माणसांची लाज वाटू लागते. स्वास्थ्याच्या हानीचा हा प्रकार कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही.

परंपरेचा सर्वच भाग हितकारक आहे, असे मात्र नाही. आजारपण व अकाली मृत्यू यांचे खापर एखाद्या स्त्रीवर फोडून तिला डाकीण ठरविण्याची चाल जिल्ह्यातून अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. तिच्याबरोबर तिची मुलेही बहिष्कृत होतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शासनाला हस्तक्षेपाचा मार्ग मिळाला. परंतु तक्रार करणाऱ्यास पुन्हा त्याच पाड्यात राहावयाचे असते. बडवा अथवा भगत या पारंपरिक वैद्यांबाबत सरसकट निकाल देणे कठीण आहे. रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असा पहाडातील एकमेव माणूस पुष्कळदा तोच असतो. त्याला वैरी मानण्यापेक्षा कोणता रोगी पुढे पाठवावा हे त्याला शिकविणे अधिक उपयुक्त ठरते.

सुधारणा चळवळी : मद्यपान व कर्जबाजारीपणा यांविरुद्ध जिल्ह्यात ज्या मोठ्या चळवळी झाल्या, त्यांचा उगम समाजातच आहे. १९२०–३० या दशकाच्या आरंभी दक्षिण गुजरात व लगतच्या प्रदेशांत देवीची चळवळ पसरली. अंगात आलेली देवी दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, अशी आज्ञा देत असे. पुढील दशकाच्या अखेरीस तत्कालीन पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तळोदे तालुक्यात, मोरवड (रंजनपूर) येथे गुला (गुलाम) महाराज या भिल्ल सत्पुरुषाने आरतीचा उपक्रम सुरू केला. हजारो माणसे आरतीला जमू लागली. दारू सोडावी, रोज स्नान करावे, चोरी करू नये, भांडणतंटा टाळावा, असा साधा उपदेश तेथे केला जाई. अनुयायांनी परस्परांना ‘आप’ असे आदरार्थी संबोधावे, असा दंडक होता व त्यावरून या पंथास ‘आप’ हे नाव पडले. सावकार व जमीनदार यांच्या तोंडून जन्मभर एकेरी हाक ऐकलेल्या माणसाला आपल्या सोबत्याने ‘आप’ म्हणावे, यातील परिणाम वरवर वाटतो त्यापेक्षा खोल आहे. गुला महाराजांचे १९३८ मध्ये निधन झाले व त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. मजूर दारूच्या कर्जातून सुटल्यामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले गेले, त्यांच्याशी संघर्ष अटळ होता; ब्रिटिश शासनाने रामदास महाराजांवर हद्दपारीची कारवाई केली.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मोहाची दारू जन्म, लग्न, मृत्यू व देवकार्य यांत धार सोडण्यासाठी लागते आणि तिला समाजात स्थान आहे. व्यसनाचा प्रश्न प्रामुख्याने दुकानातील व चोरट्या विक्रीच्या दारूने, रोख मजुरीबरोबर वाढला. दोहोंना एकच लेखणाऱ्या व्यसनमुक्तीच्या प्रचाराला वडीलधारी मंडळी तोंडदेखला होकार देतात व पुढे काही घडत नाही.

आप पंथाच्या भजनांची परंपरा घेऊनच शहादे तालुक्यातील पाडळदे येथील अंबरसिंग सुरतवंती (अंबरसिंग महाराज) पुढे आले. सर्वोदय विचाराशी संबंध असलेल्या या भिल्ल कार्यकर्त्याने सपाटीवरील शेतमजुरांना संघटित केले. १९७१ मधील पाटीलवाडी येथील हिंसाचारानंतर बाहेरचे सुशिक्षित तरुण कार्यकर्तेही शहाद्यात आले व १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गहाण पडलेल्या जमिनी, मजुरीचे दर व दुष्काळी कामे हे तिचे प्रमुख विषय. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, गावोगाव निघालेली तरुण मंडळे. जमिनीचे कागद वाचणे, मजुरीची बोलणी करणे, गावातील तंटे मिटविणे ही कामे विशी-बाविशीतील पोरांकडे आली. दुसरी, स्त्रियांची दारूबंदी मोहीम. १९७२-७३ च्या सुमारास शिबिरांतून एकत्र आलेल्या शेतमजूर स्त्रियांनी गटागटाने जाऊन दारूची मडकी फोडली व बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या चळवळीचा अभ्यास केला आहे. अंबरसिंग महाराजांचे १९७४ मध्ये निधन झाले. याच चळवळीतून घडलेले वाहरू सोनवणे यांचा गोधड (१९८७) हा कवितासंग्रह भिल्ल तरुणाच्या मनाची घुसमट आणि स्वाभिमान मराठी वाचकांपर्यंत पोहोचविणारा ठरला.

पहाडी भागात निराळ्या कारणाने निराळे काम उभे राहिले. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. काही कुटुंबे तळोदे-शहाद्याच्या सपाटीवर वसविण्यात आली, काही वरच्या डोंगरात सरकली. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२ पासून चिमलखेडी व निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू केल्या. मुलांच्या बोलीपासून शिक्षणाचा आरंभ, नदी, जंगल, पिके व गावाचा इतिहास हे अभ्यासाचे विषय आणि शक्यतो त्याच समाजातील तरुण शिक्षक, ही त्यांची वैशिष्ट्ये. मुलांना झालेल्या लाभाची चर्चा पुष्कळ होते. शाळा चालविणाऱ्या तरुणांना काय लाभले, याचीही नोंद घ्यावयास हवी. ज्या वयात त्यांचे सोबती फडावर जात, त्या वयात हे तरुण गावाचे गुरुजी झाले.

इतर देशांतील अनुभव : असा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. कॅनडातील क्री या आदिवासी समाजातही धरणांमुळे झालेले विस्थापन व निवासी शाळांमुळे तुटलेली भाषा यांचे ओझे तरुण पिढीवर पडले. ऑन्टॅरिओतील ॲटावापिस्कॅट या क्री वसाहतीने तरुणांच्या आत्महत्या-प्रयत्नांमुळे एप्रिल २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती. उलट क्वेबेकमधील क्री लोकांनी जलविद्युत् प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यातून १९७५ मध्ये जेम्स बे करार मिळविला व १९७८ मध्ये स्वतःचे आरोग्य व समाजसेवा मंडळ स्थापन केले. त्यांच्या भाषेत आरोग्याला जो शब्द आहे, त्याचा भाव ‘नीट जगणे’ असा होतो. त्यात शिकार, अन्न, ऊब व सोयरेधायरे हे सगळे येते. मायकेल चँडलर व क्रिस्टोफर लालोंद यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील सु. दोनशे आदिवासी वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे जमीन, शाळा, आरोग्यसेवा व संस्कृतिकेंद्रे वसाहतीच्या स्वतःच्या हाती होती, तेथे तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. केवळ सहसंबंधावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि शहाद्याच्या तरुण मंडळांचा अनुभव या निष्कर्षाशी जुळता आहे. आपल्या आश्रमशाळा व कॅनडातील निवासी शाळा यांची तुलना मात्र जपून केली पाहिजे. मुलांची संस्कृती पुसून टाकणे हा तेथील उघड हेतू होता. आश्रमशाळांचा हेतू शिक्षण दुर्गम भागात पोहोचविण्याचा आहे. तरीही लहान वयात घरापासून दुरावणे व घरच्या बोलीला वर्गात जागा नसणे या दोन गोष्टींचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम हेतूने कमी होत नाही.

शासकीय व्यवस्था : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये आणि राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या कार्यक्रमात समवयस्क मार्गदर्शकांची कल्पना असून ती या जिल्ह्याच्या प्रकृतीला मानवणारी आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानण्याचे तत्त्व स्वीकारले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर टेलिमानस ही विनामूल्य समुपदेशन सेवा उपलब्ध आहे. नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने (अध्यक्ष : अभय बंग) २०१८ च्या आपल्या अहवालात व्यसने व मानसिक आजार यांना कुपोषण व संसर्गजन्य रोगांच्या जोडीने स्थान दिले. पहाडातील अनेक पाड्यांवर दूरध्वनीचे संदेशवहन नीट पोहोचत नाही व समुपदेशकाची भाषा मराठी वा हिंदी असते. मनाचे दुःख माणूस आपल्या बोलीतच सांगू शकतो. पोट दुखते, डोके जड झाले, झोप लागत नाही, एवढेच परक्या भाषेत सांगितले जाते व त्यावर गोळी मिळते.

समाजाच्या हाती असलेली सर्वांत मोठी कायदेशीर तरतूद आरोग्य खात्याच्या बाहेरची आहे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने (पेसा) व त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला मद्यविक्रीवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्णपणे, तर नंदुरबार व शहादे अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम थेट या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्यशासनाने २०१५ मध्ये घेतला असून आरोग्य व शिक्षण हे त्याच्या मान्य खर्चविषयांपैकी आहेत. नियमांनुसार प्रत्येक पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात मात्र गणपूर्तीसाठी लागणारी तरुण माणसे गावात नसतात. ती होळीला परततात. म्हणून सिकलसेलची तपासणी, दारूविषयीचा ठराव किंवा तरुणांचे शिबिर यांपैकी काहीही योजावयाचे, तर भोंगऱ्या बाजारापासून पेरणीपर्यंतचे दिवसच त्यासाठी हाती असतात. आर्थिक वर्षाचा हिशेब मात्र याच काळात, ३१ मार्चला संपतो.